साठीतला पिकअप, विशीतलं इंजिन : ‘रेस्टोमॉड’ समजून घेताना

२०२५ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात ‘लेनोज लॉ’ नावाने ओळखलं जाणारं एक विधेयक गाजलं. जुन्या गाड्यांचा जबरदस्त नाद असलेले अमेरिकी टीव्ही कलाकार जे लेनो (Jay Leno) या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, म्हणून हे नाव. मागणी साधी होती. निदान ३५ वर्षं जुन्या आणि संग्राहकाची गाडी म्हणून विमा उतरवलेल्या वाहनांना धुराच्या सक्तीच्या तपासणीतून सोडा. ऑगस्टमध्ये ते विधेयक समितीतच अडकलं.

पण जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एका प्रकारापाशी बाहेरच्या माणसाची हमखास गडबड होते. समोर उभा असतो १९६८ चा पिकअप. रंग, बोनेटची ठेवण, क्रोमच्या पट्ट्या, सगळं त्या काळातलं. बोनेट उघडावं तर आत २००५ चं इंजिन, आणि शेजारी संगणकाची डबी. ही गाडी जुनी म्हणायची की नवी? असं करता येतं का? आणि येत असेल तर नव्या इंजिनाला जुन्या गाडीशी बोलायला शिकवतं कोण?

बाहेरचं रूप जुनं ठेवून आतली यंत्रणा नव्या जमान्याची बसवण्याला अमेरिकेत ‘रेस्टोमॉड’ म्हणतात, आणि एका गाडीचा भाग दुसरीत बसवण्याला ‘स्वॅप’. एवढे दोन शब्द पुरेत. या प्रकाराबद्दल बोलणारे बहुतेक जण इंजिनाबद्दल बोलतात, अश्वशक्तीचे आकडे फेकतात. माझ्या मते इंजिन हा त्यातला सोपा भाग आहे. पैसा, वेळ आणि डोकं खातात ते सांधे, म्हणजे जुना भाग जिथे नव्या भागाला भेटतो त्या जागा.

पिकअपच का?

याचं उत्तर बांधणीत आहे. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये सांगाडा आणि पत्रा एकजीव असतो. जुन्या पिकअपमध्ये खाली दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात. ही झाली चासी. तिच्यावर इंजिन, केबिन आणि मागचा हौदा असे तीन वेगळे संसार बोल्टांनी बसवलेले असतात. हौदा सोडवून बाजूला ठेवला तरी गाडी चालते. इंजिनाच्या आजूबाजूला माणूस उभा राहील इतकी जागा असते. कापाकापी न करता बदल करायला याहून सोयीचं वाहन मिळणं कठीण.

दुसरं कारण संख्येचं. ही कामाची गाडी होती. शेतकरी, सुतार, नळजोडणीवाले सगळे ती वापरायचे आणि कारखान्यांनी ती लाखांनी बनवली. शेवरोलेच्या सी-१० चे १९६० ते १९८७ या काळात तीन अवतार झाले. १९६० ते ६६, १९६७ ते ७२ आणि १९७३ ते ८७. शेवटचा चौकोनी ठेवणीमुळे ‘स्क्वेअर बॉडी’ म्हणून ओळखला जातो. नावातलं सी म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ, के असेल तर चारही चाकांना, आणि दहा म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. फोर्डचा एफ-१०० हे नाव १९५३ मध्ये आलं, आणि १९५३ ते ५६ चा गुबगुबीत एफ-१०० आजही हौशी लोकांच्या गळ्यातला ताईत आहे. इतक्या गाड्या शिल्लक असल्यामुळे यांचे दरवाजे, मडगार्ड, हौद्याचे पत्रे, रबरं असं बरंच काही आजही नव्याने तयार होऊन मिळतं. सडलेला पत्रा ही अडचण उरत नाही, फक्त खर्च उरतो.

नवरदेव एकटा येत नाही

अमेरिकेतल्या इंजिन-स्वॅपमध्ये एक नाव सतत कानावर पडतं, ते म्हणजे एलएस. जनरल मोटर्सचं (शेवरोलेच्या मालक कंपनीचं) हे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांचं घराणं १९९७ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये पहिल्यांदा आलं. त्याची ट्रकसाठीची भावंडं ४.८, ५.३ आणि ६ लिटरची. ती १९९९ पासून सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन अशा गाड्यांत अफाट संख्येने बसली. त्या गाड्या आता भंगारात निघाल्यात, पण त्यांची इंजिनं ठणठणीत असतात. म्हणून भंगार बाजारात जाऊन इंजिन आणायचा हा सगळा खेळ सुरू झाला.

फायदा किती? १९७२ च्या सी-१० मधलं ५.७ लिटरचं व्ही-८ साधारण १७५ अश्वशक्ती द्यायचं. २००० नंतरच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएस आकाराने लहान असूनही २८५ च्या घरात जातं. (१९७१ च्या आधीचे आकडे बघून फसू नका. तेव्हा इंजिन टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजायची पद्धत होती. १९७२ पासून सगळा सरंजाम जोडून मोजायला लागले आणि कागदावरची अश्वशक्ती धाडकन उतरली.) शिवाय थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होणं, डोंगरावर न गुदमरणं आणि इंधन कमी पिणं हे वेगळंच. जुना कार्बोरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो, अंदाजपंचे. नव्या इंजिनात संगणक प्रत्येक सिलिंडरला मापून पेट्रोल देतो.

मग हे इंजिन आणून बसवलं की झालं? नाही. लग्नात नवरदेव एकटा येत नाही, मागे वऱ्हाड असतं आणि प्रत्येकाचं मानपान सांभाळावं लागतं, तसं हे प्रकरण आहे. एलएस जुन्या सी-१० मध्ये बसवताना काय काय निघतं ते क्रमाने बघा.

पहिली गोष्ट, इंजिनाचे पाय. जुन्या इंजिनाचे आणि याचे बोल्ट जुळत नाहीत. त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात, काम किरकोळ. मग ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. ट्रकच्या इंजिनाचं चेंबर खोल असतं, ते जुन्या चासीच्या आडव्या दांड्याच्याही खाली लोंबतं. गाडी बसकी करायची असेल तर रस्त्यावरचा पहिला उंचवटा तेलाचा सडा घालणार. म्हणजे चेंबर बदला. नंतर एसीचा काँप्रेसर. कारखान्याने तो इंजिनाच्या खालच्या बाजूला टांगलाय, आणि जुन्या पिकअपमध्ये नेमकी तिथेच चासीची तुळई आहे. एक तर तुळईला खाच पाडा, नाहीतर काँप्रेसर वर घ्या. वर घेतला तर पट्टा लांबीला चुकतो. मग पुली आणि पट्ट्याचा अख्खा संच बदला.

रेडिएटरची गोष्ट त्याहून बारीक. एलएसच्या हेडवरून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावरून, एक बोटभरही जाड नसलेली नळी निघते. पाणी तापल्यावर हेडमध्ये अडकणारी वाफ आणि हवा त्या नळीतून बाहेर जाते. जुन्या रेडिएटरला ती जोडायला जागाच नसते, म्हणून काही बहाद्दर ती नळी बुच मारून बंद करतात. इंजिन सुरू होतं, तापमानाचा काटाही नीट दिसतो, पण हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकून राहतो आणि तिथला भाग गुपचूप भाजत असतो. पन्नास पैशांच्या नळीने इंजिन खाणं म्हणतात ते हेच.

मग गिअरबॉक्स. इथे एक सुखद गंमत आहे. एलएसच्या मागच्या बाजूची बोल्टांची रचना जुन्या शेवरोले व्ही-८ शी एक बोल्ट सोडला तर जुळते. त्यामुळे जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मधली फट भरणाऱ्या एका छोट्या स्पेसरच्या मदतीने लागू शकतो. पण लावू नये असं माझं मत. त्या बॉक्सचा शेवटचा गिअर एकास एक आहे, म्हणजे इंजिनाचा एक फेरा, शाफ्टचा एक फेरा. एलएससोबत येणाऱ्या चार गिअरच्या बॉक्समध्ये शेवटचा गिअर ०.७० चा. हमरस्त्यावर ज्या वेगाला जुन्या बॉक्सने इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारायचं, तिथे आता २,१०० पुरतात. आवाज, इंधन, झीज सगळंच उतरतं. रोज चालवणाऱ्याला हा फरक इंजिनापेक्षा जास्त जाणवतो.

पण नवा बॉक्स लांबीला मोठा. म्हणजे त्याच्या खालचा आधाराचा दांडा मागे सरकवा, आणि मागच्या अॅक्सलकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करा, मग तो तोलून घ्या. शिवाय नव्या बॉक्सला स्पीडोमीटरची केबल नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक सेन्सर आहे. म्हणजे डॅशबोर्डवरचा सुंदर जुना काटा मेला. तो जिवंत करायला एक तर जुन्या रूपाचं इलेक्ट्रॉनिक मीटर घ्या, किंवा सेन्सरचा इशारा वाचून केबल फिरवणारी छोटी मोटर बसवा.

संगणकाला फसवता येत नाही

लोखंडाचं काम दिसतं तरी. वायरिंगपाशी भलेभले कारागीर हात टेकतात.

नव्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावर, एक दातेरी चकती असते. शेजारचा सेन्सर ते दाते मोजतो आणि शाफ्ट या क्षणी नेमका कुठे आहे ते संगणकाला सांगतो. त्यावरून ठिणगी कधी टाकायची ते ठरतं. एलएसच्या सुरुवातीच्या पिढीत ही चकती २४ ची, नंतरच्या पिढीत ५८ ची. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळी वाटतात. २४ चा संगणक आणि ५८ चं इंजिन एकत्र आणलं तर स्टार्टर फिरतच राहतो आणि इंजिन काही बोलत नाही. चकती इंजिनाच्या पोटात असल्यामुळे बाहेरून दिसत नाही, आणि माणूस आठवडाभर पेट्रोलपंपावर संशय घेत बसतो.

अॅक्सिलरेटरचंही तसंच. जुन्या गाडीत पायाखालून तार जाते आणि कार्बोरेटरची झडप ओढते. नंतरच्या इंजिनांमध्ये तार नाही. पेडल एक विजेचा इशारा पाठवतं आणि मोटर झडप उघडते. इथे पेडल, झडप आणि संगणक ही तिघं एकमेकांना ओळखणारी हवीत. म्हणून जाणते लोक भंगारातून नुसतं इंजिन उचलत नाहीत. एकाच गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगचा जुडगा, संगणक आणि पेडल असा पूर्ण संच काढून आणतात. त्या संगणकातली चोरीरोधक यंत्रणा आणि जुन्या पिकअपमध्ये नसलेल्या सेन्सरांची अपेक्षा नंतर प्रोग्रॅम बदलून काढून टाकावी लागते. ज्याला ही डोकेदुखी नको, त्याच्यासाठी शेवरोले स्वतः ‘कनेक्ट अँड क्रूझ’ नावाने इंजिन, गिअरबॉक्स आणि जुळणारा संगणक एकत्र विकते. महाग पडतं, पण भांडण नसतं.

आणि अर्थिंग. जुन्या गाडीत दिवे, हॉर्न आणि चार काटे, एवढीच वीज. परतीचा प्रवाह चासीच्या लोखंडातून कसाबसा गेला तरी चालायचं. आता हौसेने चासी खरवडून तिच्यावर जाड पावडर कोटिंग केलं जातं. दिसतं झकास. पण रंग वीज वाहू देत नाही. इंजिन रबरी पायांवर, चासी रंगाने मढलेली, मग परतीची वाट कुठे आहे? सेन्सरांचे आकडे नाचायला लागतात, कधी काटे उड्या मारतात, कधी गाडी वळणावर बंद पडते. लोक महागडे सुटे भाग बदलत राहतात. इलाज इतकाच की बोल्टाखालचा रंग चमकेपर्यंत घासायचा आणि इंजिन, चासी, केबिन व बॅटरी यांना जाड तारांनी एकमेकांशी बांधायचं.

पेट्रोलची टाकी सीटमागे?

हो, चक्क केबिनमध्ये. १९७२ पर्यंतच्या शेवरोले पिकअपमध्ये टाकी सीटच्या पाठीमागे, माणसाच्या मणक्याला खेटून असायची. कारमध्ये बसल्यावर पेट्रोलचा वास येणं हा तेव्हाच्या मालकांना सवयीचा भाग. नव्या इंजिनासाठी ती तशीही बदलावी लागते. कार्बोरेटरला ५ ते ७ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) दाबाने पेट्रोल पुरतं, एलएसला सुमारे ५८ लागतो. एवढा दाब देणारा पंप टाकीच्या आत पेट्रोलात बुडालेला असला तर थंड राहतो आणि टिकतो. मग टाकी काढून मागे, हौद्याखाली, चासीच्या दोन तुळयांच्या मध्ये नेतात. जुने रबरी पाइपही फेकायचे, ते हा दाब सोसत नाहीत. एका बदलाने इंजिनाची सोय आणि जिवाची सोय दोन्ही होतात, असे प्रसंग या कामात थोडेच.

आधी थांबता आलं पाहिजे

माझा आग्रह असा की पैसे मर्यादित असतील तर इंजिन वर्षभर थांबू दे, ब्रेक आधी करा.

१९६६ पर्यंतच्या शेवरोले पिकअपमध्ये ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असायचा. चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच घरातून. एका चाकाची नळी फुटली की पेडल जमिनीला टेकलं, चारही ब्रेक गायब. १९६७ पासून दोन कप्पे आले, पुढचे ब्रेक वेगळे आणि मागचे वेगळे. पुढच्या चाकांना डिस्क १९७१ पासून. त्याआधी चारही चाकांना ड्रम. ड्रम थंड असताना चांगले पकडतात, पण उतारावर सतत दाबले की तापून सैल पडतात. या ब्रेकांवर २८५ अश्वशक्तीचं इंजिन ठेवणं म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणं.

डिस्क बसवण्याचे संच मिळतात, पण इथेही एक बदल दुसऱ्याला ओढतो. सी-१० ची चाकं १९७० पर्यंत सहा बोल्टांची, १९७१ पासून पाच. नंतरच्या गाडीचे डिस्क ब्रेक पुढे लावले तर पुढे पाच आणि मागे सहा. एकच स्टेपनी दोन्हीकडे चालेना. म्हणून मागच्या अॅक्सलचे शाफ्टही बदलावे लागतात, किंवा अख्खा अॅक्सल.

त्यात पिकअपची स्वतःची खोड आहे. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी. ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे झुकतं. अशा वेळी मागच्या चाकांना जास्त दाब मिळाला तर ती जागच्या जागी थांबतात आणि गाडीची शेपटी फिरते. पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण राखणारी झडप म्हणूनच लागते. ती बसवून, मोकळ्या जागेत हळूहळू वेग वाढवत तपासून, मगच गाडी रस्त्यावर काढायची. डिस्क लावल्या, झालं काम, असं म्हणणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. १९७२ पर्यंतच्या बहुतेक सी-१० च्या मागे कमानपाट्यांऐवजी लांब दांडे आणि गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत. मागचा अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा दांडाही आहे, पण तो आखूड. त्यामुळे खड्ड्यातून जाताना अॅक्सल वरखाली होतो तसा बाजूलाही सरकतो. गाडी बसकी केल्यावर हे जास्त जाणवतं. लांब दांडा लावला की बराच फरक पडतो. ही लांब दांड्यांची मूळ कल्पना मात्र इतकी चांगली होती की अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीच्या मुख्य गटातल्या गाड्या २०२१ च्या मोसमापर्यंत तिचाच अवतार वापरत होत्या.

‘मग सरळ नवी चासीच घ्या की’

हा आक्षेप रास्त आहे, आणि कित्येक जण तेच करतात. आर्ट मॉरिसन, रोडस्टर शॉप अशा कंपन्या जुन्या पिकअपच्या मापाची नवीकोरी चासी बनवतात. नवं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, इंजिनाचे पाय, सगळं आधीच जुळवलेलं. जुनी केबिन तिच्यावर ठेवायची. सांध्यांची निम्मी कटकट पैशाने सुटते.

स्वस्तातला मार्ग भंगारातून जातो. फोर्डच्या जुन्या एफ-१०० खाली क्राउन व्हिक्टोरियाचं पुढचं सस्पेन्शन बसवणं हा त्यातला लाडका प्रयोग. २००३ नंतरच्या या मोटारीत स्टिअरिंग, ब्रेक, स्प्रिंग हे सगळं एका अॅल्युमिनियमच्या चौकटीवर असतं आणि ती चौकट अख्खी सुटी निघते. पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या ताफ्यांत ही मोटार भरपूर होती, त्यामुळे भंगारातही भरपूर. अडचण एकच, ती रुंद आहे. चाकं मडगार्डबाहेर डोकावतात, म्हणून खोल बसणाऱ्या रिमा शोधाव्या लागतात.

कागदपत्रांचं मात्र भान हवं. गाडीचा ओळख क्रमांक केबिनवरच्या पट्टीवर असतो आणि चासीवरही ठोकलेला असतो. हा क्रमांक खोडणं, बदलणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. चासी बदलल्यावर नोंदणी कशी करायची याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. केबिन उचलण्याआधी ते विचारलेलं बरं.

‘मूळ गाडीचं वाटोळं केलं!’

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे वाक्य ऐकू येतंच. माझी सहानुभूती दोन्हीकडे आहे, सारखी नाही. पहिल्या इंजिनासकट, पहिल्या रंगासकट टिकलेला, गाडीचे आणि इंजिनाचे क्रमांक जुळणारा पिकअप सापडला तर त्याला हात लावू नये. तो दस्तऐवज आहे. पण बहुतेक गाड्या तशा नसतात. तीनदा इंजिन बदललेलं, हौद्याला भोकं, केबिनचे कोपरे गंजून गेलेले. यातल्या कित्येक मुळात सहा सिलिंडरच्या, रबरी चटई घातलेल्या कष्टकरी गाड्या होत्या. त्यांच्यात नवं इंजिन बसल्याने इतिहासाचं काही जात नाही, उलट भंगारवाल्याचा दाब-यंत्रातला फेरा चुकतो. शक्य तितकं बोल्टांवर ठेवा, कापू नका, जुने भाग पेटीत घालून ठेवा. मग पुढच्या मालकाला परतीची वाट राहते.

धुराचं काय?

इथे कायदा थोडा उलटा वाटतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना नियमित धूरतपासणी नाही. म्हणजे १९७२ चा सी-१० सुटला, १९७६ चा अडकला. या अडकलेल्या गाडीत इंजिन बदलायचं तर नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ज्या गाडीतून आलं तिच्यातली धूर आटोक्यात ठेवणारी सगळी सामग्री सोबत हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, टाकीतली वाफ धरणारा डबा, सगळं. मग सरकारी पंच गाडी तपासतो आणि त्यावर शिक्का बसतो.

उत्साही लोक या नियमावर चिडतात. मला तो बराचसा योग्य वाटतो. नवं इंजिन कन्व्हर्टरसकट बसवलं तर ते जुन्या कार्बोरेटरपेक्षा कितीतरी स्वच्छ चालतं. कन्व्हर्टर काढून टाकायचा आणि वर ‘आधुनिक इंजिन आहे’ म्हणून मिरवायचं, हे पटत नाही. शेवरोलेने ‘ई-रॉड’ नावाचे संच काढले ते याचसाठी. इंजिनासोबत धुराची सगळी सामग्री पेटीत, राज्याच्या मंजुरीसह.

विजेवर का नाही?

तेही चालू आहे. शेवरोलेने २०१९ च्या सेमा या अमेरिकेतल्या सुट्या भागांच्या मोठ्या प्रदर्शनात १९६२ चा सी-१० दोन विद्युत मोटरींवर चालवून दाखवला. २०२१ मध्ये फोर्डने १९७८ चा एफ-१०० मस्टँग माक-ई या आपल्या विजेच्या मोटारीच्या मोटरी लावून आणला, ४८० अश्वशक्तीचा. मोटर बसवणं इंजिनापेक्षा सोपंच. तिढा बॅटरीचा आहे. तिचं वजन शेकडो किलो, तिला थंड ठेवावं लागतं, अपघातात चेपणार नाही अशा जागी ठेवावं लागतं, आणि जुन्या पिकअपचा आकार हवा कापायला मुळीच बरा नाही, त्यामुळे हमरस्त्यावर चार्ज पटापट उतरतो. गावातल्या फेऱ्यांना उत्तम. ओढायला जड सामान लावून लांबचा प्रवास करणाऱ्याने अजून थांबावं.

खर्च आणि सुरक्षितता, न लपवता

नुसती ये-जा करायची असेल तर हा सौदा वाईट आहे. भंगारातलं इंजिन स्वस्त मिळतं, पण त्यामागचं वऱ्हाड इंजिनाच्या कैकपट खातं. व्यावसायिक गॅरेजकडून पूर्ण गाडी करून घेतली तर बिल एक लाख डॉलरच्या वर जाणं नवलाचं नाही. आणि विकताना ते सगळे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. विमा घेताना किंमत आधीच ठरवून लिहून घेणारा प्रकार निवडावा. साध्या विम्यात कंपनी जुन्या गाडीचा बाजारभाव लावते आणि तुमची मेहनत हिशेबातच धरत नाही.

सुरक्षिततेचंही स्पष्ट सांगायला हवं. चांगले ब्रेक आणि स्टिअरिंग अपघात टाळायला मदत करतात. अपघात झाल्यावर मात्र केबिन १९६८ चीच असते. एअरबॅग नाहीत, धडक शोषून चेपणारा भाग नाही. छाती आणि कंबर दोन्ही धरणारे पट्टे बसवता येतात, पण ते नुसत्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून चालत नाहीत. मागे जाड पट्टी वेल्ड करून आधार द्यावा लागतो. जुन्या स्टिअरिंगचा सरळसोट दांडाही दबणारा बसवून घ्यावा.

गाडी झाल्यावर

पहिले काही शे मैल गावाजवळच फिरवावी. प्रत्येक नटबोल्ट पुन्हा आवळावा, गळती बघावी, वायर कुठे घासते का ते पाहावं. आणि एक वही करावी. पाण्याचा पंप कुठल्या गाडीचा, कुठल्या सालचा. पुढचे ब्रेक पॅड कशाचे. अल्टरनेटर, पट्ट्याची लांबी, पेट्रोलचा फिल्टर, शाफ्टचे जॉइंट, प्रत्येकापुढे मूळ गाडी आणि साल. कारण पाच वर्षांनी परगावी पंप गळायला लागला की सुट्या भागांच्या दुकानातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठली, साल कुठलं?’ त्यावर ‘१९६८ चा सी-१०’ असं सांगितलं तर तो जो पंप काढून देईल, तो या इंजिनाला बसणारच नाही.